आइस्क्रीमचं यंत्र घेऊन पळणारा माणूस

१९८० साली आलेल्या ‘स्टार वॉर्स’ मालिकेतल्या ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’ या चित्रपटात ढगांवर तरंगणारं एक शहर आहे. साम्राज्याचे सैनिक त्या शहराचा ताबा घेतात आणि नागरिकांची पळापळ सुरू होते. त्या गर्दीत नारिंगी कपड्यांतला एक माणूस कॅमेऱ्यासमोरून धावत जातो. पडद्यावर तो जेमतेम एक-दोन सेकंद दिसतो. त्याला नाव नाही, तोंडी वाक्य नाही, पुढच्या कथेशी त्याचा काही संबंध नाही. पण त्याच्या काखेत एक उभट डबा आहे, आणि नीट पाहिलं तर कळतं की तो घरी आइस्क्रीम करायचं यंत्र आहे. हातात काहीतरी द्यायचं म्हणून चित्रीकरणाच्या वेळी कुणीतरी ते दिलं असणार.

‘स्टार वॉर्स’च्या चाहत्यांनी हा माणूस सोडला नाही. शहरावर संकट कोसळलं असताना हा बाकी सगळं टाकून हेच का घेऊन पळतोय? पुढे पत्त्यांच्या एका अधिकृत खेळात त्याला विलरो हूड असं नाव मिळालं. तो वायूच्या खाणीतला कामगार ठरला, आणि काखेतलं ते यंत्र म्हणजे बंडखोरांची गुप्त माहिती साठवलेली संगणकाची स्मृती ठरली. मग चाहत्यांच्या संमेलनांत डझनावारी लोक नारिंगी डगले घालून, काखेत आइस्क्रीमची यंत्रं घेऊन, सभागृहातून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावू लागले. आणि २०१९ साली ‘द मँडलोरियन’ या अधिकृत मालिकेत तोच डबा पुन्हा अवतरला, या वेळी मौल्यवान धातू ठेवायची तिजोरी म्हणून.

बाहेरून पाहणाऱ्याला हा पोरखेळ वाटेल, आणि थोडासा तो आहेही. पण विज्ञानपटांच्या चाहत्यांचं वेड कसं तयार होतं, हे समजून घ्यायला यापेक्षा सोपं उदाहरण सापडणार नाही. चित्रपटात एक जागा रिकामी राहिली. पाहणाऱ्याच्या मनात प्रश्न उभा राहिला. कुणीतरी उत्तर रचलं, ते दहा जणांनी उचललं, त्याचा खेळ झाला, आणि शेवटी मूळ निर्मात्यांनाही त्याची दखल घ्यावी लागली. चित्रपटाने जे दाखवलं त्याच्यापेक्षा त्याने जे दाखवलं नाही, त्यात चाहते जास्त राहतात. माझ्या मते या सगळ्या भक्तीचं, आणि तिच्यातल्या भांडणांचंही, मूळ तिथे आहे.

रिकाम्या जागा कुठल्या चित्रपटात नसतात? पण गिरणगावातल्या चाळीवरचा चित्रपट पाहताना नळाला पाणी कुठून येतं, भाडं कोणाला द्यायचं, पोलिसाच्या टोपीचा अर्थ काय, हे प्रश्न पडत नाहीत. उत्तरं आपण घरूनच घेऊन आलेलो असतो. विज्ञानपटाला ही सोय नाही. तिथला दरवाजा, चलन, शिवी, भांडं, सगळं कुणीतरी नव्याने ठरवलेलं असतं. पहिला ‘स्टार वॉर्स’ दोन तासांचा आहे. एक आख्खी आकाशगंगा, तिचं राजकारण, तिच्यातले धर्म आणि प्राणी दोन तासांत समजावून सांगणं अशक्य. म्हणून दिग्दर्शकापुढे दोन वाटा उरतात: पात्रांना भाषणं द्यायला लावायची, नाहीतर सगळं प्रेक्षकाला आधीच ठाऊक आहे असं समजून पुढे जायचं. जॉर्ज ल्यूकसने दुसरी वाट धरली. चित्रपटात नायक ल्यूक ‘क्लोन युद्धां’बद्दल जाता जाता विचारतो आणि म्हातारा ओबी-वान नुसता ‘हो’ म्हणून मोकळा होतो. ती कोणाची, कोणाशी, कशासाठी, काही सांगत नाही. १९७७ सालच्या त्या ओझरत्या उल्लेखावर लोकांनी पाव शतक तर्क लढवले. ती युद्धं पडद्यावर आली २००२ साली.

मात्र नुसती जागा मोकळी ठेवून भागत नाही. त्या जागेपलीकडे खरोखर काहीतरी आहे असा विश्वास बसावा लागतो, आणि तो बसवायला कारागिरी लागते. १९७७च्या आधीच्या बहुतेक विज्ञानपटांत भविष्य म्हटलं की सगळं चकचकीत, नुकतंच वेष्टनातून काढलेलं असायचं. ल्यूकसला वापरलेलं, मळलेलं विश्व हवं होतं. सेट सजवणाऱ्या रॉजर ख्रिश्चनने भंगारातल्या विमानांचे सुटे भाग विकत आणून ते यानाच्या आतल्या भिंतींवर बसवले. ल्यूकच्या प्रकाश-तलवारीची, म्हणजे लाइटसेबरची मूठ त्याला लंडनमधल्या एका छायाचित्रणाच्या दुकानात सापडली. ती जुन्या वृत्तपत्री कॅमेऱ्याच्या फ्लॅशची दांडी होती. आपण ती वस्तू ओळखत नाही, पण ती कुठल्यातरी कारखान्यात, कसल्यातरी खऱ्या कामासाठी तयार झालेली आहे एवढं डोळ्यांना कळतं.

आवाजाचंही तसंच. बेन बर्ट या तरुण ध्वनिसंयोजकाने यंत्रांवर कृत्रिम आवाज घडवण्यापेक्षा बाहेर हिंडून खरे आवाज गोळा केले. रेडिओच्या मनोऱ्याला ताण देणाऱ्या तारेवर हातोडी मारून बंदुकीचा आवाज मिळाला. चित्रपट दाखवायच्या जुन्या प्रोजेक्टरची घरघर आणि टीव्हीच्या नळीची गुणगुण एकत्र करून लाइटसेबर गुंजू लागली. साम्राज्याच्या लढाऊ यानांची किंकाळी म्हणजे हत्तीची आरोळी आणि ओल्या रस्त्यावरून जाणारी मोटार. खलनायक डार्थ व्हेडरचा श्वास पाणबुड्याच्या श्वसनयंत्रातून आला. आजही डोळे मिटून यातला कुठलाही आवाज ऐकला तर चाहता तत्क्षणी सांगतो हे काय आहे. ज्या वस्तू अस्तित्वातच नाहीत, त्यांचे आवाज लाखो लोकांच्या कानात पक्के बसलेत, ही गोष्ट मला तरी कथानकापेक्षा जास्त अचाट वाटते.

विश्व असं पटलं की मग त्यातल्या चुकाही चुका राहत नाहीत. ‘स्टार वॉर्स’मधला वैमानिक हान सोलो आपल्या यानाची बढाई मारताना सांगतो की त्याने ‘केसेल रन’ ही धाव बारा पारसेकच्या आत पूर्ण केली. पारसेक हे अंतराचं एकक आहे, साधारण ३.२६ प्रकाशवर्षांचं. वेगाची बढाई अंतरात मारणं म्हणजे पुणे-मुंबई मी शंभर किलोमीटरमध्ये गाठतो म्हणण्यासारखं. खगोलशास्त्राचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही इथे हसेल. साध्या प्रेक्षकाने ‘लेखकाची चूक’ म्हणून विषय संपवला असता. चाहत्यांनी तो संपवला नाही. कुणी म्हणालं, सोलो थापा मारतोय आणि म्हाताऱ्या ओबी-वानला ते कळलंय. दुसरं उत्तर जास्त टिकलं: त्या मार्गाशेजारी कृष्णविवरांचा पुंजका आहे, बाकीचे वैमानिक त्याला लांबून वळसा घालतात, सोलोने मात्र जीव धोक्यात घालून जवळून वाट काढली, म्हणून त्याचं अंतर कमी भरलं. नव्वदच्या दशकातल्या कादंबऱ्यांनी हे स्पष्टीकरण पक्कं केलं आणि २०१८च्या ‘सोलो’ चित्रपटात ती धाव प्रत्यक्ष दाखवली गेली. म्हणजे एका चुकलेल्या शब्दाची डागडुजी करायला चाळीस वर्षं आणि एक महागडा चित्रपट लागला. यात हास्यास्पद काही असेल तर असो, पण त्या निमित्ताने किती पोरांनी पारसेक म्हणजे काय हे शोधून काढलं असेल, याचाही विचार करावा.

आता प्रश्न असा की ही रिकामी जागा लोकांच्या हाती नेमकी आली कशी? ‘स्टार वॉर्स’ २५ मे १९७७ रोजी अमेरिकेत अवघ्या ३२ चित्रपटगृहांत लागला. पुढचा भाग तीन वर्षांनी यायचा होता. घरोघरी व्हिडिओ अजून पोचलेला नव्हता. चित्रपट पुन्हा पाहायचा तर पुन्हा तिकीट काढायचं, नाहीतर आठवायचा. या तीन वर्षांच्या पोकळीत खेळणी आली. केनर या कंपनीकडे खेळण्यांचे हक्क होते, पण चित्रपट एवढा चालेल याचा अंदाज नसल्याने त्या वर्षीच्या नाताळापर्यंत बाहुल्या तयारच होऊ शकल्या नाहीत. मग कंपनीने चक्क रिकामं पाकीट विकलं. आत एक चित्रांचा पुठ्ठा आणि एक प्रमाणपत्र: ते पोस्टाने पाठवा, पुढच्या वर्षी चार बाहुल्या घरी येतील. लोकांनी ती पाकिटं घेतली. नाताळच्या सकाळी मुलांनी पुठ्ठा उभा केला आणि ज्या जागी बाहुल्या यायच्या होत्या तिकडे बघत बसली. रिकाम्या जागेची इतकी शब्दशः विक्री बाजाराच्या इतिहासात क्वचितच झाली असेल.

बाहुल्या आल्या त्या पावणेचार इंचांच्या. त्या काळच्या मोठ्या बाहुल्यांच्या मानाने लहान. आकार लहान म्हणून यानंही त्या मापाची करता आली, आणि पलंगाखाली आख्खी आकाशगंगा मावू लागली. चित्रपट संपला तिथून मुलांनी तो पुढे चालवला. बोबा फेटचं उदाहरण घ्या. हा चिलखती शिकारी आधी दूरचित्रवाणीवरच्या एका कार्यक्रमातल्या छोट्या कार्टूनमध्ये दिसला आणि ‘एम्पायर’ लागण्याआधीच पोस्टाने मागवायची बाहुली म्हणून घराघरांत पोचला. चित्रपटात त्याच्या वाट्याला चार वाक्यं आली. चेहरा शेवटपर्यंत दिसला नाही. पण मुलांकडे त्याची बाहुली वर्षभर होती. तो कोण, कुठला, किती क्रूर, हे त्यांनी आपापसांत ठरवून टाकलं होतं. पडद्यावर चार वाक्यं बोलणाऱ्या या माणसाला पुढे स्वतःची मालिका मिळाली, आणि त्या बाहुलीचा बाजारात कधीच न आलेला एक नमुना २०२४ साली लिलावात पाच लाख डॉलरहून अधिक किमतीला गेला. ज्यांनी लहानपणी ती मागवली होती, ते आता पैसेवाले झालेत, हा त्यातला साधा हिशेब.

पण एकट्याने खेळलेला खेळ वेड होत नाही. त्याला सोबत लागते. ही सोबत कशी जमवायची हे ‘स्टार वॉर्स’वाल्यांना शिकवलं ते ‘स्टार ट्रेक’वाल्यांनी. ही मुळात टीव्ही मालिका, १९६६ साली सुरू झालेली. दुसऱ्या वर्षी ती बंद पडणार अशी कुणकुण लागली, तेव्हा जॉन आणि बीजो ट्रिंबल या जोडप्याने देशभरातल्या चाहत्यांना पत्रं लिहायला लावलं. कशी लिहायची याच्या सूचनाही दिल्या: अक्षर नीट, भाषा सभ्य, पाकिटावर मालिकेचं नाव नको, नाहीतर न उघडताच बाजूला टाकतील. लाखाच्या घरात पत्रं आली. मार्च १९६८मध्ये एनबीसी वाहिनीने कार्यक्रमाच्या शेवटीच जाहीर केलं की मालिका चालू राहणार आहे, आता कृपया पत्रं पाठवू नका. पण वाहिनीने पुढच्या मोसमात तिला शुक्रवारी रात्री दहाची वेळ दिली, जेव्हा तिचा तरुण प्रेक्षक घरी नसे, आणि १९६९ साली ७९ भागांवर ती संपली.

संपली, आणि इथूनच मजा सुरू झाली. स्थानिक वाहिन्या तेच ७९ भाग पुन:पुन्हा दाखवत राहिल्या. नवीन काही येत नव्हतं, म्हणून चाहते स्वतः लिहू लागले. चक्रमुद्रणावर काढलेली ‘स्पॉकानालिया’ ही पत्रिका १९६७ पासूनच निघत होती; सत्तरच्या दशकात अशा पत्रिकांचं पीक आलं. त्या लिहिणाऱ्या, संपादणाऱ्या, पोस्टात टाकणाऱ्या बहुतेक बायका होत्या, ही गोष्ट विज्ञानकथेचा चाहता म्हणजे चष्मेवाला एकलकोंडा मुलगा, असं समजणाऱ्यांनी लक्षात ठेवावी. ग्रंथपाल, शिक्षिका, गृहिणी. मालिकेत मारामाऱ्या भरपूर होत्या, पण यानाचा कप्तान कर्क आणि त्याचा सहकारी स्पॉक एकमेकांशी मनातलं कधी बोलतात, याला वेळ नव्हता. ती जागा या बायकांनी भरली. जानेवारी १९७२मध्ये न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात पहिलं मोठं संमेलन भरलं. काही शे लोक येतील असा अंदाज होता, आले तीन हजारांवर. चार वर्षांनी नासाच्या पहिल्या चाचणी शटलचं ठरलेलं नाव बदलून मालिकेतल्या यानाचं ‘एंटरप्राइज’ हे नाव ठेवावं म्हणून या लोकांनी व्हाइट हाउसला पत्रांनी बेजार केलं आणि तेही करवून घेतलं. १९७९ साली ‘स्टार ट्रेक’चा पहिला चित्रपट आला, तेव्हा बंद पडलेल्या मालिकेला दहा वर्षं जिवंत कोणी ठेवलं याबद्दल कोणाला शंका नव्हती.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्या मालिकेच्या यानावर अधिकारी म्हणून काम करणारी एक कृष्णवर्णीय स्त्री होती: उहुरा. भूमिका करणाऱ्या निशेल निकल्स पहिल्या वर्षानंतर सोडून जायच्या विचारात होत्या. मार्टिन ल्यूथर किंग यांनी त्यांना राहायला सांगितलं. पुढे नासाने स्त्रिया आणि कृष्णवर्णीयांना अंतराळवीर म्हणून भरती करण्यासाठी निकल्स यांचीच मदत घेतली. १९९२ साली अंतराळात गेलेली पहिली कृष्णवर्णीय स्त्री मे जेमिसन उहुराला पाहत वाढल्याचं सांगते. विज्ञानपट भविष्यात एक खुर्ची मोकळी ठेवतो आणि ज्याला वर्तमानात बसायला जागा नाही तो तिच्यावर जाऊन बसतो. अशा माणसाचं प्रेम ‘करमणूक’ या खात्यात कसं मावणार?

प्रेम घट्ट करणारी आणखी एक गोष्ट म्हणजे मेहनत. मायकेल नॉर्टन, डॅनियल मोकॉन आणि डॅन एरिअली या संशोधकांनी २०१२ साली काही प्रयोग प्रसिद्ध केले. लोकांना कागदाचे पक्षी, साधी खोकी, खेळण्यातल्या विटांच्या वस्तू स्वतः करायला दिल्या. स्वतः केलेली वेडीवाकडी वस्तूही त्यांना जवळपास तज्ज्ञाने केलेल्या वस्तूइतकी मोलाची वाटली. मात्र काम अर्धवट राहिलं, किंवा केलेली वस्तू पुन्हा मोडली, तर ही माया उरत नव्हती. चाहत्यांच्या जगात पहिला भाग रोज दिसतो. (दुसऱ्याकडे येऊच.) अमेरिकेत १९९७ साली सुरू झालेली ‘५०१वी लीजन’ ही संघटना स्टॉर्मट्रूपरचे, म्हणजे साम्राज्याच्या पांढऱ्या सैनिकांचे, गणवेश घालणाऱ्यांची. सदस्य व्हायला गणवेश ठरल्या मापाचा लागतो. शिरस्त्राणाचा उतार, पट्ट्यावरची बटणं, हातमोज्याचा रबर, सगळं तपासलं जातं. महिनोन्महिने प्लॅस्टिक तापवून, कापून, घासून माणूस तो वेश तयार करतो आणि मग घामाघूम होत रुग्णालयातल्या मुलांना भेटायला जातो. आर-टू-डी-टू हा यंत्रमानव घरच्या गॅरेजात बनवणाऱ्यांचा वेगळा गट आहे. त्यांचं काम इतकं अचूक झालं की २०१५च्या ‘द फोर्स अवेकन्स’साठी तो यंत्रमानव बनवायला त्यांच्यातल्याच दोघांना घेतलं. ‘द मँडलोरियन’च्या एका प्रसंगाला सैनिक कमी पडले तेव्हा दिग्दर्शकांनी लीजनला निरोप धाडला, मंडळी स्वतःच्या गणवेशात हजर झाली.

अशा माणसाला ‘प्रेक्षक’ म्हणणं अपुरं आहे. तो कसणारा आहे. आणि या सगळ्या भानगडीतली खरी गोम इथे आहे: कसणारा एक, आणि सातबारा दुसऱ्याच्या नावावर.

महाभारताच्या बाबतीत ही अडचण नव्हती. कर्णाच्या मनात काय चाललं असेल ही मोकळी जागा शिवाजी सावंतांनी १९६७ साली ‘मृत्युंजय’ लिहून भरली, आणि व्यास तक्रार करायला आले नाहीत. ‘स्टार वॉर्स’चे व्यास हयात होते, हौशी होते, आणि त्यांच्यामागे कायदा होता. बराच काळ दोघांचं जमलं. १९९१पासून टिमथी झानच्या कादंबऱ्यांनी चित्रपटांनंतरची कथा पुढे नेली. मग कादंबऱ्या, कॉमिक, खेळ यांची एवढी रास झाली की कुठल्या ग्रहाला किती चंद्र हे सांभाळायला ल्यूकसच्या कंपनीने ‘होलोक्रॉन’ नावाची माहितीची पेढी केली आणि तिच्यासाठी माणूस नेमला. काय खरं धरायचं याची उतरंड ठरली: वर ल्यूकसचे चित्रपट, मग बाकीचं. २०१२ साली डिस्नीने ती कंपनी चार अब्ज डॉलरहून जास्त किमतीला घेतली. एप्रिल २०१४मध्ये जाहीर झालं की जुन्या कादंबऱ्या यापुढे ‘दंतकथा’ समजल्या जातील, नवे चित्रपट त्यांना बांधील नाहीत. व्यवहार म्हणून निर्णय बरोबर होता. वीस-पंचवीस वर्षांच्या त्या राशीखाली नवा दिग्दर्शक हलूच शकला नसता. पण हान आणि राजकन्या लेया यांच्या मुलांची नावं ज्यांना भाच्यांच्या नावांइतकी पाठ होती, त्यांच्या हातातली केलेली वस्तू मोडली गेली. प्रयोगातला दुसरा भाग तो हाच.

मालक स्वतः जागा भरायला आला की काय होतं, हे त्याआधी १९९९ सालीच दिसलं होतं. ‘द फँटम मेनेस’ची झलक दाखवणार म्हणून लोकांनी १९९८ साली दुसऱ्याच चित्रपटांची तिकिटं काढली आणि झलक संपताच ते उठून गेले. पुढे चित्रपटगृहांबाहेर आठवडे मुक्काम ठोकला. इतके दिवस वाटेकडे डोळे लावून बसल्यानंतर त्यांना कळलं की ‘फोर्स’, ती गूढ शक्ती, जिच्याबद्दल मूळ चित्रपटाने दोन-चार वाक्यांत भागवलं होतं, ती रक्तातल्या ‘मिडी-क्लोरियन’ नावाच्या सूक्ष्म जिवांमुळे मिळते आणि रक्त तपासून मोजता येते. संताप झाला. स्पष्टीकरण तर्काला धरून नाही म्हणून नव्हे. चाहते याहून अशक्य गोष्टी हसत गिळतात. अंगणात काठी घेऊन ‘फोर्स’ आजमावणाऱ्या प्रत्येक मुलाला ती आपल्यातही असू शकेल असं वाटत होतं, आणि आता पॅथॉलॉजीचा अहवाल आला होता. बरोबर जागी प्रश्न सोडणं ही जशी कला, तसं काही प्रश्नांना उत्तर न देणं हीसुद्धा. ‘ब्लेड रनर’ १९८२ साली पडला. नायक डेकार्ड माणूस की कृत्रिम मानव, यावर त्याचे भक्त आजही भांडतात; दिग्दर्शक रिडली स्कॉट आणि नायक हॅरिसन फोर्ड यांचंही त्यावर वर्षानुवर्षं जमलं नाही. त्या भांडणानेच चित्रपटाला जगवलं. उलट २००९चा ‘अवतार’ गल्ल्याच्या यादीत सगळ्यांच्या वर, त्यातली नावी भाषा शिकणारे लोकही आहेत. तरी एवढ्या गल्ल्याच्या मानाने त्याच्यावरून हमरीतुमरी फार कमी. मला वाटतं जेम्स कॅमेरॉनने ते जग इतकं पुरतं रंगवून दिलं की पाहणाऱ्याने ब्रश उचलावा अशी भिंतच उरली नाही.

संतापाची एक बाजू मात्र नुसती घाण आहे आणि तिला समजूतदारपणाचं पांघरूण घालायचं कारण नाही. ‘फँटम मेनेस’मधल्या जार जार बिंक्स या पात्रावर झालेल्या टीकेने ते साकारणारा अहमद बेस्ट हा अभिनेता आत्महत्येच्या विचारापर्यंत पोचला होता, हे त्याने २०१८ साली सांगितलं. त्याच वर्षी ‘द लास्ट जेडाय’मधल्या केली मरी ट्रॅनने वांशिक आणि बाईपणावरून होणाऱ्या शिवीगाळीनंतर आपल्या इन्स्टाग्रामवरची सगळी छायाचित्रं काढून टाकली. त्या चित्रपटावर राग का, याला कारणं होती. आधीच्या भागाने नायिका रेचे आईबाप कोण हा प्रश्न सोडला होता, लोकांनी दोन वर्षं वंशावळी मांडल्या होत्या, आणि उत्तर आलं: कोणी नाहीत. मला ते उत्तर आवडलं होतं. पुढच्या चित्रपटाने घाबरून ते फिरवलं. पण वंशावळ चुकली म्हणून एका नटीला तिच्या रंगावरून छळणं, याचा ‘स्टार वॉर्स’शी संबंध नाही. जमीन कसतो म्हणून वाटेवरच्या माणसाला मारायचा हक्क कुणाला मिळत नाही. बेस्टला २०२३ साली ‘द मँडलोरियन’मध्ये जेडायची, म्हणजे ‘फोर्स’ वापरणाऱ्या योद्ध्याची, भूमिका मिळाली आणि चाहत्यांनी तिचं मनापासून स्वागत केलं, हेही नोंदवायला हवं.

मालकी कुणाची, या भांडणाचा सगळ्यात शुद्ध नमुना एका गोळीचा आहे. १९७७च्या चित्रपटात दारूच्या अड्ड्यात ग्रीडो नावाचा सुपारीवाला हानवर बंदूक रोखून बसतो. हान टेबलाखालून गोळी झाडतो, ग्रीडो संपतो. १९९७ साली ल्यूकसने चित्रपट सुधारून पुन्हा प्रदर्शित केला, तेव्हा ग्रीडो आधी गोळी झाडतो आणि हातभर अंतरावरून नेम चुकवतो. नायक थंड डोक्याने मारणारा वाटू नये, हा उद्देश. २००४च्या डीव्हीडीत दोन्ही गोळ्या जवळजवळ एकाच वेळी सुटतात. २०१९ साली डिस्नीच्या स्ट्रीमिंग सेवेवर आलेल्या आवृत्तीत ग्रीडो मरण्यापूर्वी ‘मॅक्लंकी’ असं काहीतरी ओरडतो. याच ल्यूकसने १९८८ साली अमेरिकी संसदेपुढे साक्ष देताना जुने कृष्णधवल चित्रपट रंगवण्याला कडाडून विरोध केला होता, कलाकृती हा समाजाचा वारसा असतो असं म्हणत. त्या साक्षीचे शब्द चाहत्यांनी त्याच्याच तोंडावर मारले.

मूळ चित्रपट अधिकृतरीत्या मिळेनासा झाला. २००६ साली तो डीव्हीडीवर आला, पण जुन्या लेझरडिस्कसाठी केलेल्या धूसर प्रतीवरून. मग लोकांनी स्वतः कंबर कसली. पेत्र हारमाचेक या चेक तरुणाने ब्लू-रे, डीव्हीडी आणि इतर जुन्या प्रतींतले तुकडे जोडत, चौकट न् चौकट सुधारत, १९७७ची आवृत्ती पुन्हा उभी केली. दुसऱ्या एका गटाने चित्रपटगृहांतल्या मूळ ३५ मिलिमीटरची रिळं मिळवली, साफ केली, ‘फोर-के’मध्ये उतरवून घेतली. कायद्याच्या नजरेत ही चोरीच. पैसा कोणी मागितला नाही. यातून ज्यांना काही मिळवायचं होतं त्यांना एवढंच हवं होतं की सहाव्या-सातव्या वर्षी पाहिलेला चित्रपट होता तसा कुठेतरी असावा.

जून २०२५मध्ये ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने लंडनमध्ये आपल्या महोत्सवाची सुरुवात १९७७च्या मूळ, न बदललेल्या ‘स्टार वॉर्स’ने केली, जपून ठेवलेल्या टेक्निकलर प्रतीवरून. ल्यूकसने उभारलेल्या कंपनीच्या तेव्हाच्या प्रमुख कॅथलीन केनेडी स्वतः तिथे हजर होत्या. अड्ड्यातला प्रसंग आला, तेव्हा पडद्यावर गोळी झाडली ती एकट्या हानने.